शब्दांची कुळकथा : स्पॅनिश ‘हाब्लार’ आणि त्याचे इंग्रजी आप्त



मराठी शब्दांचे तत्सम, तद्भव, देशी आणि परभाषीय असे वर्गीकरण आपल्याला परिचित आहे. ‘हस्त’ आणि ‘हात’, ‘कर्ण’ आणि ‘कान’ या जोड्या आपण वारंवार लिहिल्या आहेत. मात्र असे वर्गीकरण पाठ झाले की एक अडचण उद्भवते. आपल्या भाषेतील बदल इतके अंगवळणी पडलेले असतात की त्यांत नवल वाटण्याजोगे काही उरत नाही. ‘कर्णा’चा ‘कान’ झाला, हे आपण सहज मान्य करतो. तो का झाला, कोणत्या क्रमाने झाला आणि ‘कर्ण’ हा शब्द पुन्हा मराठीत का आला, हे प्रश्न आपण विचारीत नाही. म्हणून या घटकात आपण मुद्दाम परमुलखात जाणार आहोत. स्पॅनिश भाषेतील एकच क्रियापद घेऊन त्याचे मूळ लॅटिनमध्ये शोधू, त्याचे इंग्रजीत विखुरलेले आप्त ओळखू आणि या कुळाची एक शाखा आपल्या घरापर्यंत येते का, तेही पाहू. हा घटक अभ्यासण्यासाठी स्पॅनिश येण्याची आवश्यकता नाही.

आपला शब्द आहे ‘हाब्लार’. अर्थ : बोलणे. लिहिताना त्याच्या आरंभी ‘एच’ हे अक्षर असते. परंतु उच्चार मात्र ‘आब्लार’ असा होतो. स्पॅनिशमध्ये ‘एच’ मूक आहे. उच्चारात नसलेले अक्षर लेखनात का टिकून राहिले, हा आपला पहिला प्रश्न.

मूक अक्षराचा माग

या प्रश्नाचे उत्तर जुन्या लेखनात सापडते. ‘माझ्या सिदचे गीत’ या नावाने ओळखले जाणारे स्पॅनिश वीरकाव्य सुमारे इ. स. १२०० मधील मानले जाते. त्यात हे क्रियापद ‘फाब्लार’ असे येते. म्हणजे आज जेथे मूक ‘एच’ आहे, तेथे पूर्वी ‘फ’ होता. शेजारच्या पोर्तुगीज भाषेत तो आजही आहे : तेथे बोलणे म्हणजे ‘फालार’. एकाच घरातील दोन भावंडांपैकी एकाने वडिलांचा ‘फ’ जपला आणि दुसऱ्याने तो सोडून दिला.

असा बदल एकाच शब्दात झाला असता, तर त्याला अपवाद म्हणून बाजूला ठेवता आले असते. परंतु तो शब्दामागून शब्दात दिसतो. लॅटिन ‘फिलिउस’ म्हणजे पुत्र. स्पॅनिशमध्ये त्याचा ‘हिजो’ झाला (उच्चार साधारण ‘ईहो’). ‘फाकेरे’ म्हणजे करणे, त्याचे ‘हासेर’. ‘फारिना’ म्हणजे पीठ; त्याचे ‘हारिना’. ‘फेर्रुम’ म्हणजे लोखंड, त्याचे ‘हिएर्रो’. ‘फोलिया’ म्हणजे पाने. त्याचे ‘होजा’ (उच्चार ‘ओहा’). ‘फुमुस’ म्हणजे धूर, त्याचे ‘हुमो’. ‘फोर्मिका’ म्हणजे मुंगी, तिचे ‘होर्मिगा’. शब्द बदलला तरी घटना तीच घडते, तेव्हाच आपण तिला ध्वनिपरिवर्तनाचा नियम म्हणतो. नियमाला मर्यादाही असतात आणि त्याही नियमबद्धच असतात : ‘फ’च्या पुढे ‘र’ किंवा ‘ल’ असेल तर सामान्यतः ‘फ’ टिकतो. म्हणून फळ ते ‘फ्रुता’च राहिले आणि फूल ते ‘फ्लोर’च राहिले. ‘उए’ या स्वरजोडीपूर्वीही तो टिकला. अग्नीसाठी स्पॅनिश शब्द ‘फुएगो’ आहे.

‘फ’चा लोप एका झटक्यात झाला नाही. आधी तो ‘ह’सारखा उच्चारला जाऊ लागला, नंतर तो ‘ह’देखील विरून गेला आणि अक्षर तेवढे कागदावर राहिले. मधल्या काळात ‘फ’ची रूपे जुनाट, भारदस्त वाटू लागली होती. सर्वान्तेस याने १६०५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘डॉन किहोते’ या कादंबरीत याचा मार्मिक उपयोग केला आहे. जुन्या शूरवीरांच्या कथा वाचून भ्रमिष्ट झालेला तिचा नायक ‘हेर्मोसा’ (सुंदर) न म्हणता ‘फेर्मोसा’ म्हणतो. त्या काळच्या वाचकाला एवढ्यावरून हसू येत असे. कारण आपल्याकडे एखाद्याने भाजीबाजारात बखरीच्या भाषेत भाव करावा, तसे ते होते. ध्वनिपरिवर्तन ही केवळ कोशातील घटना नसून बोलणाऱ्यांना तिची जाणीव असते, हे या उदाहरणावरून लक्षात घ्यावे.

हा बदल नेमका याच प्रदेशात का झाला? स्पॅनिश भाषेचे थोर अभ्यासक रामोन मेनेन्देस पिदाल यांनी १९२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, स्पॅनिशच्या उगमावरील ग्रंथात असे प्रतिपादन केले की, हा बास्क भाषेचा परिणाम असावा. कास्तिलियाच्या उत्तरेकडील डोंगराळ भागात बास्क बोलली जाई आणि तिच्यात मुळात ‘फ’ हा ध्वनी नव्हता. बास्क प्रदेशाच्या पलीकडे, फ्रान्सच्या नैर्ऋत्येस बोलल्या जाणाऱ्या गास्कोन बोलीतही ‘फ’चा ‘ह’ झालेला आढळतो. हा या मताला मोठाच आधार आहे. तरीही सर्वच अभ्यासक हे मत स्वीकारीत नाहीत. भाषेच्या अंतर्गत प्रवृत्तींनी असा बदल होऊ शकतो, असे काहींचे म्हणणे आहे. परीक्षेत हा मुद्दा लिहिताना ‘असे एक प्रबळ मत आहे’ असे लिहावे. ‘सिद्ध झाले आहे’ असे लिहू नये.

येथे क्षणभर आपल्या भाषेकडे पाहू. संस्कृतातून प्राकृतात येताना दोन स्वरांमधील महाप्राण व्यंजने झिजली आणि त्यांचा ‘ह’ उरला. ‘दधि’चे ‘दही’ झाले, ‘गोधूम’चे ‘गहू’ झाले, ‘बधिर’चे ‘बहिरा’ झाले. ‘कथ्’ या धातूपासून हिंदीत ‘कहना’ आले आणि ‘कथानिका’पासून आपली ‘कहाणी’ आली. श्रावणात शुक्रवारची कहाणी ऐकताना त्या ‘ह’मध्ये एक ‘थ’ दडलेला आहे, हे कुणाच्या ध्यानी येत नाही. दोन्हीकडे जोरकस व्यंजन सैल होऊन ‘ह’ झाले. फरक इतकाच की आपण तो ‘ह’ अजून उच्चारतो. स्पॅनिशने तोही सोडला.

आता ‘फाब्लार’च्या मागे जाऊ. लॅटिनमधील मूळ क्रियापद ‘फाबुलारी’. बोलीत त्याचे रूप ‘फाबुलारे’ झाले. त्यातील आघात नसलेला मधला ‘उ’ गळला आणि ‘फाब्लार’ उरले. ‘फाबुलारी’ हे ‘फाबुला’ या नामापासून बनले. ‘फाबुला’ म्हणजे गोष्ट, संभाषण, नाट्य. आणि ‘फाबुला’ ज्यापासून निघाली ते मूळ क्रियापद ‘फारी’, म्हणजे बोलणे, उच्चारणे.

गोष्टीतून बोलणे, बोलण्यातून गोष्ट

ध्वनीचा माग लागला. आता अर्थाकडे वळू. खरी रंगत येथे आहे.

अभिजात लॅटिनमध्ये बोलण्यासाठीचे रूढ क्रियापद ‘फाबुलारी’ नव्हते. ते ‘लोक्वी’ होते. सिसेरोसारखा वक्ता सभेत बोले, त्याला ‘लोक्वी’ शोभे. ‘फाबुलारी’ म्हणजे गप्पा मारणे, गोष्टी करणे. प्लाउतुसच्या प्रहसनांतील पात्रे ते वापरतात. परंतु साम्राज्य ओसरल्यावर जी लॅटिन लोकांच्या तोंडी उरली, तीत ‘लोक्वी’ जवळजवळ नाहीसे झाले. त्याची रूपे चालवायला अवघड होती, हे त्याचे एक कारण. दरबारी शब्द गेला, अंगणातला राहिला. भाषांच्या इतिहासात असे अनेकदा घडते आणि म्हणूनच बोलीभाषेला अशुद्ध म्हणून हिणवणाऱ्यांनी हा इतिहास अवश्य वाचावा. ‘लोक्वी’चे वंशज आज मुख्यतः विद्वानांनी पुन्हा उचललेल्या शब्दांत भेटतात : इंग्रजीतील ‘एलोक्वंट’ (वक्तृत्वसंपन्न), ‘कलोक्वियल’ (बोलीतील) आणि नाटकाच्या अभ्यासात येणारे ‘सॉलिलोक्वी’ (स्वगत).

‘लोक्वी’ची रिकामी जागा सर्वत्र एकाच शब्दाने भरली नाही. स्पेन आणि पोर्तुगाल येथे ‘फाबुलारी’ आले. फ्रान्स आणि इटलीत मात्र ‘पाराबोलारे’ आले. त्यापासून फ्रेंच ‘पार्ले’ आणि इटालियन ‘पार्लारे’ ही क्रियापदे झाली. ‘पाराबोला’ हा मुळात ग्रीक शब्द. त्याचा अर्थ शेजारी ठेवणे, तुलना करणे, दृष्टान्त. येशूने सांगितलेल्या दृष्टान्तकथांसाठी तो ख्रिस्ती लॅटिनमध्ये रूढ झाला आणि तेथून ‘वचन’, ‘शब्द’ असा त्याचा अर्थविस्तार झाला. स्पेनमध्ये रोमन सैन्य इ. स. पूर्व २१८ मध्येच उतरले होते. गॉल म्हणजे आजचा फ्रान्स सीझरने जिंकला तो त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी. त्यामुळे स्पेनमध्ये जुन्या धाटणीची लॅटिन रुजली आणि मध्यवर्ती प्रदेशातील नव्या लाटा कडेच्या प्रदेशांपर्यंत पोचल्या नाहीत, असे स्पष्टीकरण दिले जाते. सुंदर या अर्थाचा जुना शब्द ‘फोर्मोसुस’ हा स्पॅनिश, पोर्तुगीज आणि थेट दुसऱ्या टोकाच्या रुमानियनमध्ये टिकला, तर मधल्या फ्रेंच-इटालियनने ‘बेल्लुस’ पसंत केला. यावरून या स्पष्टीकरणाला पुष्टी मिळते.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, दोन्ही गटांनी बोलण्यासाठी जो शब्द निवडला, त्याचा मूळ अर्थ ‘गोष्ट सांगणे’ हाच होता. एकाने कथा घेतली, दुसऱ्याने दृष्टान्त. मराठीत याच्या उलट प्रवास दिसतो. ‘गोष्ठ’ म्हणजे गाईंचा गोठा. तेथे जमणाऱ्यांची सभा ती ‘गोष्ठी’. सभेतील संभाषण तेही ‘गोष्ठी’. आणि त्यातून आपली ‘गोष्ट’, जी आज कथा आहे आणि बाबही आहे. लोक एकत्र बसले की बोलतात आणि बोलू लागले की गोष्टी सांगतात. या दोन क्रियांमधील कुंपण कुठल्याच भाषेत फार उंच नाही.

‘पाराबोला’ स्पेनमध्ये अजिबात आलाच नाही, असे मात्र नाही. तो क्रियापद म्हणून आला नाही, नाम म्हणून आला आणि त्याचा ‘पालाब्रा’ (शब्द) झाला. ‘र’ आणि ‘ल’ यांनी जागा बदलल्या आहेत, हे आपण ओळखलेच असेल. आपण ज्याला वर्णविपर्यय म्हणतो, तो हाच. ‘नुकसान’चे ‘नुसकान’ होते तसा. स्पॅनिश ‘मिलाग्रो’ (चमत्कार) आणि ‘पेलिग्रो’ (संकट) यांतही ‘र-ल’ची तीच अदलाबदल आहे, त्यांची अविपर्यस्त भावंडे इंग्रजीत ‘मिरॅकल’ आणि ‘पेरिल’ म्हणून नांदतात.

फ्रेंचमार्गे इंग्रजीत गेलेली ‘पाराबोला’ची संतती आपण मराठीत रोज वापरतो. ‘पार्लमेंट’ म्हणजे बोलण्याची सभा. ‘पार्लर’ म्हणजे मुळात बोलत बसण्याची खोली. केशकर्तनाशी तिचा संबंध पुष्कळ नंतरचा. कैदी ‘पॅरोल’वर सुटतो, म्हणजे दिलेल्या शब्दावर सुटतो. आणि सोस्यूरच्या सिद्धान्तात आपण जी ‘लांग’ आणि ‘पारोल’ ही जोडी अभ्यासतो, तीतील ‘पारोल’ हाच शब्द होय. स्पॅनिशमध्ये त्या जोडीला ‘लेंगुआ’ आणि ‘हाब्ला’ म्हणतात. म्हणजे फ्रेंच अभ्यासक ज्या संकल्पनेसाठी दृष्टान्ताचा वंशज वापरतात, तिच्यासाठी स्पॅनिश अभ्यासक कथेचा वंशज वापरतात.

एक गंमत येथेच नोंदवतो. फ्रेंचांनी पुढे स्पॅनिशांकडून ‘हाब्लार’ उचलले. पण फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ झाला ‘बढाया मारणे’. स्पॅनिशांनीही ‘पार्लार’ उचलले. त्याचा अर्थ तेथे झाला ‘वटवट करणे’. शेजाऱ्याचे साधे बोलणेही आपल्याला बडबड वाटते, ही मनोवृत्ती त्या दोन शब्दांत कायमची नोंदली गेली आहे.

तत्सम आणि तद्भव, स्पॅनिश पद्धतीचे

‘फाबुला’ या लॅटिन नामापासून स्पॅनिशमध्ये दोन शब्द आहेत. एक ‘हाब्ला’ : बोलणे, वाणी. दुसरा ‘फाबुला’ : बोधकथा. पहिला लोकांच्या तोंडून पिढ्यान्‌पिढ्या झिजत आला. दुसरा पंडितांनी लॅटिन ग्रंथांतून जसाच्या तसा आणला. आपल्या परिभाषेत ‘हाब्ला’ तद्भव आणि ‘फाबुला’ तत्सम. लॅटिनच्या लेकींचे तिच्याशी नाते आणि मराठीचे संस्कृतशी नाते यांत जी साम्यस्थळे आहेत, त्यांतील हे सर्वांत ठळक होय.

अशा जोडीतील दोन शब्द सहसा एकाच अर्थाने नांदत नाहीत. भाषा त्यांच्यात वाटणी करून देते. ‘गर्भिणी’ आणि ‘गाभण’ पाहा. मूळ एकच, परंतु स्त्रीसाठी तत्सम आणि गुराढोरांसाठी तद्भव अशी वाटणी झाली. ती वाटणी निरागस नाही : प्रतिष्ठा तत्समाला मिळाली. स्पॅनिशमध्ये मात्र ‘हाब्ला’ हा तद्भव शब्द कमी प्रतीचा ठरला नाही.

इंग्रजीची गोष्ट निराळी. इंग्रजी ही लॅटिनची कन्या नाही. ती जर्मानिक कुळातील. तिच्याकडे ‘फारी’चे वंशज आले ते उसने म्हणून, काही फ्रेंचमार्गे तर काही थेट ग्रंथांतून. ‘फेबल’ म्हणजे बोधकथा. ‘फॅब्युलस’ म्हणजे मुळात ‘कथांमध्येच शोभणारे’. म्हणून अद्भुत आणि मग नुसतेच छान. मनोविकारशास्त्रात ‘कन्फॅब्युलेशन’ अशी संज्ञा आहे : स्मृतीत पडलेली पोकळी रुग्ण नकळत रचलेल्या कथेने भरून काढतो, तिला उद्देशून ती वापरतात. ‘अ‍ॅफेबल’ म्हणजे ज्याच्याशी सहज बोलता येते असा. ‘इनेफेबल’ म्हणजे अनिर्वचनीय. ‘प्रेफेस’ म्हणजे आधी बोललेले, प्रस्तावना. ‘फेम’ म्हणजे लोकांच्या तोंडी असणे. आपल्याला कीर्ती वाटते ती मुळात नुसती चर्चा होती. ‘कन्फेस’ आणि ‘प्रोफेसर’ हेही याच गोतावळ्यातले : पहिला कबुली देतो, दुसरा आपले ज्ञान जाहीरपणे सांगतो.

यांतील दोन शब्दांपाशी थोडे थांबावे लागेल.

पहिला ‘इन्फंट’. लॅटिन ‘इन्फान्स’ : ‘इन्’ म्हणजे नाही, ‘फान्स’ म्हणजे बोलणारा. जो अजून बोलत नाही, तो अर्भक. पुढे अर्थ वाढत जाऊन लहान मूल, मग तरुण पोर आणि इटालियनमध्ये वरिष्ठांच्या मागून पायी चालणारा तरुण सैनिक असा तो झाला. त्यावरून ‘इन्फंट्री’, पायदळ. स्पेनमध्ये गादीचा वारस नसलेल्या राजपुत्राला ‘इन्फान्ते’ आणि राजकन्येला ‘इन्फान्ता’ म्हणतात. बाळ, शिपाई आणि राजपुत्र हे तिघे एका शब्दाच्या पोटी आले. हा शब्द तयार करणाऱ्यांनी माणसाची पहिली ओळख त्याच्या बोलण्यावरून ठरवली, हे ध्यानात ठेवावे. ज्यांना बोलू दिले जात नाही त्यांच्याविषयी आपण ‘आवाज नसलेले’ असे म्हणतो, तेव्हा आपणही नकळत त्याच विचाराने चालतो.

दुसरा शब्द ‘फेट’, म्हणजे नियती. लॅटिन ‘फातुम’ हे ‘फारी’चेच भूतकालवाचक धातुसाधित : जे बोलले गेले, ते. देवाने उच्चारले आणि ते ठरले. याचे अनेकवचन ‘फाता’. पुढे ते एकवचनी स्त्रीलिंगी समजले गेले आणि नियती ठरविणारी देवता अशी तिची कल्पना झाली. तिचीच स्पॅनिशमध्ये ‘हादा’ झाली आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘फेअरी’ झाली. म्हणजे बालकथांतील परी ही मुळात दैव आहे. स्पॅनिश ‘हादो’ (नियती) आणि ‘हादा’ (परी) यांच्या आरंभी तोच मूक ‘एच’ आहे, हे पुन्हा एकदा पाहून घ्यावे.

रोमन माणसाचे दैव बोललेले होते. आपले दैव लिहिलेले आहे. बाळ जन्मल्यावर सटवाई येऊन त्याच्या कपाळी लिहून जाते. आपण ‘ललाटलेख’ म्हणतो, ‘नशिबी लिहिलेले’ म्हणतो, ‘ब्रह्मलिखित’ म्हणतो. ज्या संस्कृतीने वेद शतकानुशतके मुखोद्गत राखले, तिने दैवासाठी लेखणीची प्रतिमा रूढ करावी आणि कायदे धातूच्या पत्र्यांवर कोरणाऱ्या रोमनांनी ते वाणीवर सोपवावे, हे मला नेहमीच विचार करण्याजोगे वाटत आले आहे. आपणही यावर विचार करावा. मात्र एवढ्याशा पुराव्यावर समाजांच्या स्वभावाविषयी सिद्धान्त उभारू नये.

कूळ भारतापर्यंत

‘फारी’च्या मागे लिखित पुरावा नाही. तेथून पुढे तुलनात्मक पद्धतीवर विसंबावे लागते. १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढील भाषणात विल्यम जोन्स यांनी असे मांडले की, संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातील साम्य योगायोगाचे नाही. त्या एका समान मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात आणि ती भाषा कदाचित आज अस्तित्वात नसावी. पुढील शतकात अभ्यासकांनी ध्वनींचे नियमित संबंध निश्चित केले. त्यांतील एक असा : शब्दाच्या आरंभी संस्कृतात ‘भ’ असेल, तर लॅटिनमध्ये ‘फ’, ग्रीकमध्ये ‘फ’ने दाखविला जाणारा महाप्राण आणि इंग्रजीत ‘ब’ आढळतो. संस्कृत ‘भ्रातृ’, लॅटिन ‘फ्रातेर’, इंग्रजी ‘ब्रदर’. संस्कृत ‘भरति’, लॅटिन ‘फेरो’, इंग्रजी ‘बेअर’ (वाहणे).

हा नियम हाती घेऊन ‘फारी’चे आप्त शोधू. ग्रीकमध्ये बोलणे या अर्थाचा ‘फेमी’ आहे. त्याच्या कुळातून इंग्रजीत ‘प्रॉफेट’ आला, तसेच वाणी किंवा ध्वनी या अर्थाच्या ‘फोने’पासून आपला ‘फोन’ आला. इंग्रजीच्या स्वतःच्या घरात ‘ब’ने सुरू होणारा शब्द हवा, तो आहे ‘बॅन’. आज त्याचा अर्थ बंदी असा असला, तरी मूळ अर्थ जाहीर घोषणा करणे असा होता.

आणि संस्कृतात ‘भ’ने सुरू होणारा, बोलणे या अर्थाचा धातू? वेदांत ‘भन्’ आहे. नंतर तो ‘भण्’ असा येतो. प्राकृतात ‘भणइ’. गुजरातीत ‘भणवुं’ म्हणजे शिकणे, कारण शिकणे म्हणजे मोठ्याने म्हणणे होते. मराठीत पुढच्या अनुनासिकाच्या प्रभावाने ‘भ’चा ‘म्ह’ झाला आणि शब्द झाला ‘म्हणणे’. ‘म्हण’ हे नामही तेथलेच : लोक जे म्हणत आले, ते.

तेव्हा स्पॅनिश माणूस ‘आब्लार’ म्हणतो आणि आपण ‘म्हणणे’ म्हणतो, यांत आज एकही ध्वनी नीट जुळत नाही. तरी दोघांच्या पाठीमागे एकच धातू आहे, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. उलट, जे शब्द दिसायला सारखे, ते बहुधा फसवे निघतात. स्पॅनिश ‘हाबेर’ आणि इंग्रजी ‘हॅव’ यांचा अर्थ जवळचा आणि रूपही जवळचे, पण त्यांचा काडीचाही संबंध नाही. लॅटिन ‘ह’ला इंग्रजीत ‘ग’ उत्तर देतो (‘होस्तिस’ आणि ‘गेस्ट’) आणि इंग्रजी ‘ह’ला लॅटिनमध्ये ‘क’ (‘हॉर्न’ आणि ‘कोर्नू’). म्हणून ‘हॅव’चा खरा नातेवाईक लॅटिन ‘कापेरे’ (पकडणे) हा होय. ‘हाब्लार’ आणि इंग्रजी ‘ब्लॅब’ (बडबडणे) यांचेही साम्य असेच वरवरचे आहे. स्पॅनिशमध्ये सुद्धा प्रत्येक मूक ‘एच’ हा ‘फ’चा अवशेष नव्हे : ‘होरा’ (तास) याच्या मूळ लॅटिन शब्दातच तो होता, तर ‘हेर्मानो’ (भाऊ) हा ‘गेर्मानुस’पासून आलेला असल्यामुळे तेथे मूळचा ‘ग’ होता.

उत्तरपत्रिकांत एक विधान वारंवार आढळते : ‘हा लॅटिन शब्द संस्कृतातून निघाला.’ ते विधान टाळावे. ‘हाब्लार’ हा ‘भण्’पासून निघालेला नाही आणि ‘म्हणणे’ हे ‘फारी’पासून निघालेले नाही. दोघे चुलतभाऊ आहेत. कोणी कोणाचा बाप नाही. आपल्या भाषेचा अभिमान असावा, परंतु वंशावळीत एक पिढी खोटी घातली की त्यापुढील सर्वच नाती चुकतात आणि खरे नाते, जे पुरेसे विलक्षण आहे, तेच झाकले जाते.

लॅटिन शब्द मराठीत खरोखर आले, ते निराळ्या वाटेने : गोव्यात आणि कोकण किनाऱ्यावर आलेल्या पोर्तुगिजांबरोबर. ‘पाव’ हा पोर्तुगीज ‘पांव’, लॅटिन ‘पानेम’. ‘चावी’ ही पोर्तुगीज ‘शावी’, लॅटिन ‘क्लाविस’. त्याच शब्दाचे स्पॅनिश रूप ‘ल्यावे’. आणि ‘पगार’ हा पोर्तुगीज ‘पागार’ (पैसे देणे), लॅटिन ‘पाकारे’, म्हणजे शांत करणे. घेणेकऱ्याला पैसे देऊन शांत करणे, असा तो अर्थ. इंग्रजी ‘पे’ आणि ‘पीस’ (शांतता) हे दोन्ही त्याचेच नातेवाईक. हे शब्द उसने आहेत, वारसाहक्काने आलेले नाहीत. ‘पगार’ आणि ‘म्हणणे’ या दोन शब्दांचे लॅटिनशी असलेले नाते म्हणूनच वेगवेगळ्या जातीचे आहे.

स्वाध्याय

१. लॅटिन ‘फिकुस’ म्हणजे अंजीर आणि ‘फिलुम’ म्हणजे धागा. या दोहोंची स्पॅनिश रूपे कोणत्या अक्षराने सुरू होतील? कारण द्या. ‘फ्रोन्तेम’ (कपाळ) या शब्दाचे काय होईल?

२. ‘क्षेत्र’ आणि ‘शेत’, ‘चक्र’ आणि ‘चाक’ या जोड्यांत अर्थाची वाटणी कशी झाली आहे, ते स्वतःची वाक्ये करून दाखवा. आपल्या बोलीतील आणखी दोन जोड्या शोधा. प्रमाणभाषेत नसलेली जोडी सापडल्यास अधिक चांगले.

३. इंग्रजी ‘कंपनी’ या शब्दात लॅटिन ‘कुम्’ (सह) आणि ‘पानिस’ हे दोन घटक आहेत. मूळ अर्थ काय असावा? मराठीतील ‘पाव’ आणि ‘कंपनी’ हे शब्द वेगवेगळ्या वाटांनी आले. त्या दोन वाटा लिहा.

४. आपल्या घरातील वा गावातील वडीलधाऱ्या व्यक्तीकडून बोलणे या क्रियेसाठी वापरली जाणारी निदान सहा क्रियापदे गोळा करा (बरळणे, पुटपुटणे, सुनावणे यांसारखी). त्यांपैकी कोणती मूळची दुसऱ्याच क्रियेची होती, याचा कोशाच्या साहाय्याने शोध घ्या. कोशात एखादे सापडले नाही, तर ते सोडून न देता, ते कोणाकडून, कोणत्या गावी व कोणत्या संदर्भात ऐकले याची वहीत नोंद करा.